कोल्हीण कोणत्या पायाने लंगडते

त्सुरुओका, १२ नोव्हेंबर १९२९

चि. तोमेकिचीस शिगेताईचे अनेक आशीर्वाद.

पर्सिमनची फळं सोलून वळचणीला टांगलीत, मुळ्याचं लोणचं घातलंय, थंडी बरी पडलीय. मी ठणठणीत आहे. तुझ्या बायकोला म्हणावं, नवऱ्याला वेळेवर जेवायला उठव. कागद कापून पोट भरत नाही.

हो हो, तुझा प्रश्न आहे लक्षात. दम धर जरा.

फळ्यावर खडूने काढायचं, फोटो घ्यायचा, पुसायचं, परत काढायचं, असा उद्योग सुरू केलास तेव्हा गाव म्हणालं, पोरगं वाया गेलं. आता सिनेमाच्या पडद्यावर कागदाची जनावरं चालवतोस, तर तेच गाव चटया टाकून बघायला बसतं! आणि तू मला लिहितोस, "ताई, आधी तू बघ. नको म्हणालीस तर म्हातारी कोल्हीण कापून टाकतो, टोकियोत दाखवत नाही." मेल्या, तिच्याशिवाय त्यात उरतं काय?

तर शनिवारी तुझा मुका सिनेमा बघायला गेले. गोन्जी टोफूवाल्याने जागा धरली होती. तुझी कोल्हीण आली, हातात कंदील, बर्फातून पिल्लाला शोधत, एक पाय ओढत. पडद्याशेजारी गोष्ट सांगणारा गळा काढत होता, पण गोन्जी त्याच्याही वर ओरडला, "अरे, ही तर आपली शिगेताई!"

सगळे खो खो हसले. माझे कान तापले. ज्या चालीला लोक आजवर माझ्या पाठीमागे हसले, ती तू भिंतीएवढी करून ठेवलीस! वाटलं, तुझी मानगूट धरावी.

मग पिल्लू सापडलं. हसणारेच डोळे पुसू लागले. गोन्जी बाहीने नाक पुसत होता. "धूर झालाय," म्हणाला. कुठला आलाय धूर!

पण तू एक चूक केलीस. तुझी कोल्हीण उजव्या पायाने लंगडते. माझा डावा अधू आहे रे, गाढवा! घरी येईपर्यंत चरफडत होते, की जन्मभर बघून याला पाय कळेना? मग चुलीपुढे बसल्यावर उमगलं. आई गेल्यावर तू शाळेच्या फाटकात उभा असायचास आणि मी समोरून तुला न्यायला यायची. माझा डावा पाय तुझ्या उजव्या हाताला दिसणार, म्हणून तुझ्या मनात उजवाच राहिला. पाठमोरी जाताना तू मला कधी पाहिलंच नाहीस, कारण तुला सोडून मी कधी गेलेच नाही.

कापू नकोस. पायही सुधारू नकोस. टोकियोत काय, हवं तिथे दाखव.

लंगडत का होईना, तुझ्याकडेच येणारी,
शिगेताई