नव्या स्क्रीनचा माणूस

३ जून, सोमवार
गोदामात बोटींच्या इंजिनांचे खोके उचलणं बास. कुसानो मालक म्हणाले, नव्या वेबसाइटवर ज्याचा हात बसेल तो ऑर्डरच्या टेबलावर. म्हणजे मीच. हिराइवाबाई एकोणतीस वर्षं तिथे आहेत, पण काळ्या स्क्रीनवर. हिरवी अक्षरं, माउस नाही, नुसते सुट्या भागांचे नंबर बडवायचे. फोन मानेत, डोळे खिडकीबाहेर. याला काम म्हणतात?
आईला गावी, अकिताला, कळवलं, ऑफिसात लागलो. (जवळजवळ.)

५ जून
शर्यत. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक भागाचा रंगीत फोटो. माझी एक ऑर्डर होईतो बाईंच्या सहा. पण माझी देखणी होती.

११ जून
काळी स्क्रीन आजपासून बंद. बाईंना सवय अशी: नंबर, एंटर, मग संख्या. नव्या स्क्रीनवर एंटर दाबला की ऑर्डर रवाना, संख्या आपोआप एक. मला हे शुक्रवारीच कळलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मोठ्या माणसांना शिकवणं बरं दिसत नाही.

१२ जून
एका बोटीवाल्याने पंपाची चाळीस रबरी सीलं मागवली, पोचलं एक. फोनवर ओरडला, एक सील काय गळ्यात घालू? बोट धक्क्याला अडकली. अशा चौदा ऑर्डरी. मालक लालबुंद. बाई म्हणाल्या, चूक माझीच.
डबा अर्धा टाकला. मासा शिळा असावा.

१७ जून
बाई गोदामात, मी टेबलावर. खुर्ची गोल फिरते!

१९ जून
गिऱ्हाईकं नुसते नंबर सांगतात. मी फोटो शोधेपर्यंत म्हणतात, अरे बाबा, बाईंना दे फोन.
निश्चय: सगळे नंबर पाठ. तीन झाले.
चौथा विचारायला खाली गोदामात गेलो. बाईंनी विचारलं, नारिता, ते एंटरचं तुला ठाऊक होतं का रे? म्हटलं, छे.
मग म्हणाल्या, बरं, लिहून घे, एकवीसशे चार, पंपाचं सील.
आज डबा उघडलाच नाही. हवा दमट आहे.

२७ जून
उद्या मालकांनी बोलावलंय. बढतीच. शर्टाला इस्त्री केली.

२८ जून
मालक खूश. म्हणाले, तुझंच खरं, वेबसाइट इतकी सोपी की आता बोटीवाले आपापल्या फोनवरून ऑर्डर घालतील. टेबलाची गरजच नाही.
विचारलं, मग मी?
गोदामात, म्हणाले. हिराइवाबाईंच्या हाताखाली.
आईला अजून कळवलं नाही. तिच्या शेजारणींना तिने सांगून टाकलंय.

१ जुलै, सोमवार
ऑर्डरचं टेबल खाली आणायचं काम गोदामाकडे आलं. एक टोक मी धरलं, दुसरं बाईंनी. जिना अरुंद. त्या म्हणाल्या, आडवं कर रे, आणि घाई नको, पाय बघून टाक.
आडवं केलं.