झोपेपुरतं पुस्तक

९ जानेवारी

चि. किड्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. जुन्या पुस्तकांचं दुकान टाकल्यापासून तुला बहिणीचा विसर पडलाय.

हे गेल्यापासून मला झोप अशी नाहीच. परवा कारखान्यात कापडाचे थर कापताना डुलकी लागली आणि यंत्राचं पातं बोटाला चाटून गेलं. बोट शाबूत आहे, घाबरू नकोस. पण सुपरवायझरनं मला यंत्रावरून उठवून बटणांच्या टेबलावर बसवलंय. डोळे लवकर ताळ्यावर आले नाहीत तर जागा दुसरीला देणार, असं तोंडावरच सांगितलं. किड्या, ते काम माझ्या हातात मुरलंय. मला ते सोडायचं नाही.

सासूबाईंचं बरं आहे. पलीकडच्या खोलीत दिवा मालवला की हूं की चूं नाही. मधे नुसती लाकडी भिंत, म्हणून मी कूससुद्धा जपून बदलते. रात्री जिवाला जरा शांत करील असं पुस्तक असलं तर पाठव.

लोभ आहेच, पुस्तकं आली की वाढेल.
तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोटाचं वाचलं आणि लगेच दुकानातली फडताळं उपसली. तीन पुस्तकं पाठवतोय. एक रहस्यकथा, मन गुंतावं म्हणून. दुसरं मधमाश्या पाळण्याचं. ते वाचताना मी दुकानातच गल्ल्यावर डोकं ठेवून झोपलो होतो. तिसरं जाडजूड प्रवासवर्णन आहे, त्यातला गृहस्थ कुठंच लवकर पोचत नाही. नाहीच आवडलं तर उशाला घे.

भावोजींशिवाय ते घर कसं वाटत असेल, हे मला इथं बसून कळतंय असं लिहिलं तर खोटं होईल. तू लिहीत राहा.

आशीर्वाद असू दे, तक्रारीही चालतील.
तुझा किड्या

२२ जानेवारी

चि. किड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रहस्यकथेनं पहाटेपर्यंत जागवलं आणि शेवटी निघाला कोण, तर माळी! मधमाश्या इतक्या कामसू की मलाच ओशाळल्यासारखं झालं. उठून, आवाज न करता, भांड्यांचं कपाट आवरलं. प्रवासवर्णन चांगलं आहे, पण डोळे ओळींवरून पुढं जातात आणि मन जागचं हलत नाही.

खरं सांगू? रात्री मी स्वतः कधी वाचलंच नाही. हे वाचायचे. दिवसभर बस चालवून आले तरी निजताना मोठ्यानं वाचायचे आणि दोनचार पानांत मी घोरायला लागायचे. एवढ्या संसारात मला एकाही गोष्टीचा शेवट माहीत नाही. सकाळी विचारलं की म्हणायचे, जागी राहा म्हणजे कळेल. मला तो आवाज हवाय रे.

माया आहे तशीच ठेव.
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो आवाज मी कुठून आणू? पण लहानपणी मी तापानं फणफणलो की तू वाचून दाखवायचीस आणि मला झोप लागायची. तुझ्या आवाजालाही गुण आहे, हे मी अनुभवानं सांगतो. भावोजींच्या कपाटातलं एखादं पुस्तक काढ आणि स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखव. सासूबाई जाग्या झाल्या तर खापर माझ्यावर फोड, मला सवय आहे.

पायाशी जागा असू दे.
किड्या

४ फेब्रुवारी

चि. किड्यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी तक्रार नाही.

यांच्या कपाटातलं सगळ्यात वरचं पुस्तक काढलं. दूर बेटावर दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाची गोष्ट. कुजबुजत वाचायला लागले, तर पलीकडून भिंतीवर टकटक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी तिकडूनच सांगितलं, जरा मोठ्यानं वाच, नीट ऐकू येत नाही.

उठून त्यांच्या खोलीत गेले तर त्या टक्क जाग्या. हे गेल्यापासून त्यांचाही डोळ्याला डोळा नाही, आणि माझी झोप मोडू नये म्हणून त्याही कूस जपून बदलत होत्या! म्हणाल्या, तू घोरायला लागलीस तरी तो वाचायचा थांबत नसे. सासूबाईंना दिसेनासं झाल्यापासून त्या भिंतीपलीकडून ऐकतात, हे यांना ठाऊक होतं. मायलेक त्याबद्दल एकमेकांशी कधी अवाक्षर बोलले नाहीत. मला रडू आवरेना. मग त्याही रडल्या.

आता मी त्यांच्याच खोलीत अंथरूण टाकते आणि मोठ्यानं वाचते. तिथं पहिल्याच रात्री वाचता वाचता माझाच डोळा लागला. सकाळी उठले तर माझा चष्मा कोणीतरी काढून उशाशी ठेवलेला. तेव्हापासून रोज झोप लागतेय. बटणांच्या टेबलावर मान पडत नाही हे सुपरवायझरनंही पाहिलं. उद्यापासून मी पुन्हा यंत्रावर.

आज चहा पिताना सासूबाईंना विचारलं, तो दीपगृहवाला शेवटी घरी परत येतो का? त्यांना सगळ्याच गोष्टींचे शेवट माहीत आहेत. पण त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, जागी राहा म्हणजे कळेल.

लोभ असाच राहो. सासूबाईंचाही तुला आशीर्वाद.
तुझी ताई