मनाने साठीचा

३ नोव्हेंबर, सकाळी ७
निर्णय झाला. वय सत्तावीस असलं तरी मन साठीचं. लिफ्ट दुरुस्तीच्या आमच्या ऑफिसात माझ्या वयाचे सहाजण आहेत, आणि सहाही जणांचं माझ्याशी जमत नाही. दोष त्यांचा. काल जेवणाच्या सुट्टीत सगळे मोबाइलवर मांजराचा व्हिडिओ बघून हसत होते. मी विचारलं, यात विनोद काय? कोणी सांगितलं नाही. त्यांनाही कळला नसणार.

७ नोव्हेंबर
कोपऱ्यावरच्या वाचनालयात संध्याकाळी ज्येष्ठांचं मंडळ भरतं. आज गेलो. निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, "कोणाला न्यायला आलात?" म्हटलं, मीच आलोय. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आदराने असावं.

१२ नोव्हेंबर
जुन्या काळावर गप्पा व्हाव्यात म्हणून पत्रांचा विषय काढला. पोस्टमास्तर म्हणाले, पत्रं बंद झाली ते बरंच झालं, थैल्या उचलून पाठ गेली. मग निवृत्त नर्सबाईंनी सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला. मांजराचा. तोच. सगळे डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसलो. अनुभवी माणसांबरोबर बघितलं की वेगळा वाटतो.

१५ नोव्हेंबर
मंडळाला सुट्टी. ऑफिसातल्यांनी संध्याकाळी बॅडमिंटनला बोलावलं. कामं आहेत म्हणून सांगितलं.
कामं: कपडे वाळत घातले. पुन्हा काढले. अजून ओले होते.

१९ नोव्हेंबर
मंडळाने माझी तांत्रिक सल्लागार म्हणून निवड केली. म्हणजे नर्सबाई म्हणाल्या, "बाळा, हा फोन सारखा का अडकतो बघ." मला जमेना. शेवटी पोस्टमास्तरांनीच करून दाखवलं.

२१ नोव्हेंबर
ताईला फोनवर मंडळाबद्दल सांगितलं. म्हणाली, "अरे, तुझं पिढीशी भांडण नाहीये. तुला लोकांत मिसळायची भीती वाटते." ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, पण समज कमी. फोन लवकर ठेवला.

२८ नोव्हेंबर
मंडळाची सहल ठरली! दोन दिवस, डोंगरावर. गुडघ्याचा पट्टा विकत आणला. गुडघा ठणठणीत आहे, पण चारचौघांत एकटाच बिनपट्ट्याचा दिसायला नको. ऑफिसात रजा टाकली. कुठे चाललास, असं सहाही जणांनी विचारलं. म्हटलं, मित्रांबरोबर. म्हणताना बरं वाटलं.

४ डिसेंबर
फळ्यावर सहलीची यादी लागली. बावीस नावं. तीनदा वाचली. नर्सबाईंना म्हटलं, माझं राहिलं वाटतं. त्या म्हणाल्या, "आहे की. खाली बघ."
खाली लिहिलं होतं: काही झाल्यास संपर्क. त्यापुढे माझं नाव आणि नंबर.
"तू काय, घरीच असतोस ना," नर्सबाई म्हणाल्या. अगदी प्रेमाने.

६ डिसेंबर, दुपारी ४
जबाबदारीचं काम आहे. असं कोणालाही देत नाहीत. सकाळपासून फोन समोर ठेवून बसलोय.
अजून कोणालाच काही झालेलं नाही.