मागची काच

१ जानेवारी २००५, सकाळी
नवीन डायरी. संकल्प दोनच. चहात साखर बंद, आणि यंदा सौ. हेमलताला जमिनीवरचं घर. लातूर सोडून पुण्यात आलो तेव्हापासून बाई तिसऱ्या मजल्यावर आहे. तिला ओटा हवाय. संध्याकाळी पाय खाली सोडून बसायचं, बास. मी दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतो. आता VRS घेऊन मोकळा आहे, तेव्हा नक्की.
कासार आंबोलीचा प्लॉट शेतीचा. एन.ए. नाही, बांधकाम चालत नाही. सगळे इथेच अडतात. मी अडलो नाही. घर चाकांवर! चाकं असलेली वस्तू बांधकाम कशी होईल? इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये, कमाल आहे.

दुपारी
चहात दोन चमचे साखर. पाहुणे होते, बरं दिसत नाही.

१९ जानेवारी
कन्या जुईली हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने ऑफिसमधून प्रिंटआउट आणले. अमेरिकेत असली घरं पिकअपला जोडून ओढतात. घराची मान गाडीच्या हौद्यात येते आणि तिथल्या गोल प्लेटवर टेकते. फिफ्थ व्हील म्हणतात. एकदम माझ्या डोक्यातलंच!
जुईली म्हणाली, बाबा, खाली लिहिलंय ते वाचा, हौदा लांब लागतो, आखूड असला तर वळताना घराचा कोपरा केबिनला लागतो. मी म्हटलं, अमेरिकेत सगळंच लांब असतं. ती प्रिंटआउट ठेवून निघून गेली. पटलं असावं.

२ फेब्रुवारी
पिकअप घेतली, सेकंडहँड. हौदा आखूड. लांब हौद्याचीही मिळत होती, पण ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये रेषेबाहेर आली असती. ‘रेषेबाहेर आलेल्या वाहनाची हवा सोडण्यात येईल’ ही नोटीस सेक्रेटरी या नात्याने मीच लावलेली. लोक टपलेलेच आहेत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

६ मार्च
पिरंगुटला फॅब्रिकेटरकडे घर तयार होत आलं. एक खोली, स्वयंपाकाचा कट्टा, खिडकी, दाराला तीन पायऱ्या. त्यावर बसलं की ओटाच. हिरवा रंग मी निवडला. घराचं नाक आणि केबिनची मागची काच यांच्यात किती जागा राहते ते हात घालून पाहिलं. चांगली हातभर आहे.
हेमलताने विचारलं, आणि वळताना? मी म्हटलं, अगं, पौड रस्ता सरळ आहे. वळण काय ते एकच, प्लॉटपाशी. ती म्हणाली, मी तेच विचारतेय. हिला एकदा गाडी शिकवायला हवी.

१३ मार्च
ट्रायल यशस्वी. आवारात सरळ पुढे गेलो, सरळ मागे आलो. वळवून बघायला जागा नव्हती. सरळ उत्तम जातं.

२ एप्रिल
प्लॉटवर गेलो. जमीन ज्याच्याकडून घेतली तो दामू बरोबर होता. वळणावर बहिरू नावाच्या माणसाचं घर आहे. त्याच्या शेळ्या नेमक्या वळणावरच्या जांभळाखाली बांधलेल्या. मी सभ्यपणे सांगितलं, इथून आमचं घर वळणार आहे, हलवा. म्हणाला, न्हाई हलणार, आमी आदीपासनं हितंच बांधतोय, तुमचं घर उचलून न्या की. मीही बोललो. जरा जास्तच बोललो. शेवटी दामूने शेळ्या सोडल्या.
बहिरूच्या घराला ओटा आहे, शेणाने सारवलेला. हेमलता त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, आपला याहून भारी असेल.

२४ एप्रिल, सकाळी
आज घर नेणार. हेमलता मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन बसणार आहे. फ्लॅटमधल्या गॅलरीतली तुळस. म्हणाली, सामान नंतर, आधी ही. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी
पौड रस्ताभर राजासारखे गेलो. लोक थांबून बघत होते. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि खाडकन आवाज. मागची काच फुटली. सगळी काच हेमलताच्या अंगावर, केसांत, ब्लाउजमध्ये. कुंडी पायापाशी पडून फुटली. मानेवर थोडं खरचटलंय. थोडंच.
कोणीतरी दगड मारला.
तिने विचारलं, दगड कुठाय? मी म्हटलं, जोरात आलेला, पलीकडे गेला असेल. मला क्षणभर काचेत काहीतरी हिरवं दिसलं होतं. जांभळाची फांदी असणार.
दामू पळत आला तोवर मी गाडी मागे घेऊन घर रस्त्याच्या कडेला लावलं होतं. काय झालं म्हणाला. दगड, मी म्हटलं. त्याने बहिरूच्या घराकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही. नाव तरी मी घेतलेलं नाही.

२६ एप्रिल
नवी काच बसवली. दामूचा फोन. म्हणाला, सायेब, बहिरूला देवळापाशी चार मानसांत झाडलाय, गावाची इज्जत घालवली त्यानं. बहिरू म्हणतो, म्या न्हाई मारला. पण तो नाही म्हणणारच ना. दामू म्हणाला, गावात कुनी बोलत न्हाई त्याच्याशी.
जेवण गेलं नाही. उन्हाळा फार आहे.

२७ एप्रिल
हेमलताने मानेची पट्टी बदलली. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, राहू दे. थोड्या वेळाने आरशातूनच म्हणाली, त्या माणसाला जाऊन सांगा. काय सांगू, मी विचारलं. तुम्हाला माहीत आहे, म्हणाली.
मला काहीही माहीत नाही. पण उद्या जातो.

१ मे
गेलो. बरोबर पेढे नेले. बहिरू ओट्यावर दोरी वळत होता. उठला नाही. बायको रत्नाबाई आत निघून गेली. सगळं घडाघडा सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, झालं गेलं, मी तुला माफ केलं.
त्याने दोरी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिला. पेढे घेतले नाहीत. लाज वाटली. त्याला वाटायला हवी होती, मला कशी काय वाटली?
घरी सांगितलं, भेटून आलो, मिटलं. हेमलताने एवढंच विचारलं, काय बोललात? मी पेढ्यांचा बॉक्स फ्रिजमध्ये ठेवत होतो, ऐकू आलं नाही असं दाखवलं.

७ मे
शांतपणे विचार केला. दगडच होता. सगळ्या गावाने मान्य केलंय, म्हणजे माझ्या एकट्याचं मत नव्हे. त्यामुळे वळणाचा प्रश्नच उरत नाही. अक्षय्यतृतीयेला वास्तुशांत करून टाकू. लातूरहून मेव्हणे दयानंदराव सहकुटुंब येतायत. त्यांच्यासमोरच घर प्लॉटवर नेणार. दामूला निरोप दिला, बहिरूला त्या दिवशी समोर सगळ्यांना दिसेल असा उभा कर. म्हणजे परत दगड यायला नको. याला म्हणतात प्लॅनिंग.
दामू म्हणाला, बरं, येईल त्यो.

११ मे, अक्षय्यतृतीया, सकाळी
हेमलता वळताना गाडीत बसायला तयार नाही. म्हणाली, वळणापासून मी चालत येते. चालणं प्रकृतीला चांगलंच. नवी कुंडी दयानंदरावांच्या हातात.

रात्री
लिहायला नको वाटतंय. लिहितो.
सगळे जमले होते. पाहुणे, गुरुजी, अर्धं गाव. बहिरू जांभळाखाली एकटा उभा, धुतलेला शर्ट घालून. मी खिडकीतून दयानंदरावांना हात केला. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं.
खाडकन. तोच आवाज. मागची काच, अख्खी. या वेळी माझ्या मानेवर.
कोणी ओरडलं नाही, हसलं नाही. मी मागे वळून पाहिलं. घराचा हिरवा कोपरा केबिनच्या आत आलेला, माझ्या खांद्याजवळ. आणि त्याच्या पलीकडे बहिरू. त्याने दोन्ही हात वर केले होते. पंजे उघडे. रिकामे. नुसते दाखवत होता. आधी दामूला, मग गावाला, मग मला.
दामूची मान खाली. तो बहिरूपाशी गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मी खाली उतरलो नाही. उतरून कुणाकडे बघणार होतो? दयानंदराव कुंडी धरून उभेच. शेवटी हेमलता आली. मला वाटलं, माझी मान बघायला. ती गाडीशेजारून पुढे गेली, बहिरूसमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले.

१२ मे
घर वळणावरच आहे, तिरकं. शेळ्या त्याच्या सावलीत. दामू ट्रॅक्टर आणतो म्हणालाय.
काल पाहुण्यांचं जेवण बहिरूच्या अंगणात झालं. आज हेमलता पुन्हा गेली. मी लांबून पाहिलं. ओट्यावर रत्नाबाईशेजारी पाय खाली सोडून बसली होती आणि कशावर तरी मोठ्याने हसत होती. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं होतं, आठवेना. तुळशीची कुंडी पण तिथेच, ओट्याच्या कोपऱ्यात.
मला कुणी बोलावलं नाही. मग बहिरूनेच हाक मारली, सायेब, च्या घ्या. ओट्यावर जागा होती. मी खाली पायरीवर बसलो. रत्नाबाईने विचारलं, साकर किती? हेमलता म्हणाली, त्यांनी जानेवारीपासून सोडलीय.
बिनसाखरेचा प्यायलो. वर्षात पहिल्यांदा.
दगड कुणीच मारला नव्हता, असं बहिरूला सांगायला लागलो. तो म्हणाला, ठावं हाय, च्या प्या, गार व्हतुया.