उलट्या तोंडाची सीट

आई, तुझी नात आत पाळण्यात झोपली आहे. ती उठेपर्यंत मला इथं गाडीत बसून राहायचं आहे, म्हणून लिहायला घेतलं. गाव पिंपळगाव रेणुकाई, माझी सासुरवाडी, वेळ दुपारची. आज सव्वा महिना झाला. आज पोरीला आणि तिच्या आईला जालन्याला आमच्या खोलीवर न्यायचं आहे. कागद कुठला म्हणशील, तर मागं जी छोटी सीट बांधली आहे तिच्या खोक्यातून निघालेला. एका बाजूला चित्रं आहेत, दुसरी बाजू कोरी. माझं अक्षर तुला माहीतच आहे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि मग तूही काविळीत गेलीस, तेव्हा मला कुठं थांब म्हणणारं कुणी उरलं नाही. परतूरला जिनिंगवर कापूस दाबला, सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, एका बँडपार्टीत दोन लग्नसराया झांजा वाजवल्या. त्या बँडमास्तरचं एक क्लॅरोनेट होतं, ते थंडीत रुसायचं, मग तो ते सदऱ्याच्या आत पोटाशी धरून बसायचा, नवरदेव घोड्यावर ताटकळत... जाऊ दे, ते निघालं की संपत नाही. शेवटी गाडीवर आलो. गाडीच का, हे तू विचारलं असतंस. दुसऱ्या कुणी विचारलं नाही.

तर ही सीट. गेल्या हिवाळ्यात औरंगाबादच्या विमानतळावरून एक भाडं होतं, जाफराबादला सोडायचं. परदेशातून आलेलं जोडपं, सोबत दोनेक महिन्यांचं लेकरू. सामान चढवलं, मी चावी फिरवली, तरी तो माणूस गाडीत बसेना. मागच्या सीटवर गुडघे टेकून त्यानं एक बादलीसारखी टोपली पट्ट्याला बांधायला घेतली, तीही उलटी. लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, मॅडमच्या मांडीवर बसंल की. मी बिलकुल हळू चालवतो." तो रागावला नाही. घाम पुसत म्हणाला, "मांडीचा भरवसा नाही हो. जोरात ब्रेक लागला की लेकरू हातात राहत नाही. कुणाच्याच हातात. पैलवान असला तरी." मी बरं म्हटलं आणि गाडी काढली. भोकरदन मागं पडलं, जाफराबादचा रस्ता लागला, आणि वळण चुकून मी शेतातल्या कच्च्या रस्त्याला लागलो. रोजचा रस्ता माझा. तो म्हणाला, "भाऊ, रस्ता माहीत आहे ना?" माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. कुणाच्याच हातात. म्हणजे तुझ्याही.

मी सहा वर्षांचा आहे. मामानं आपल्याला भोकरदनच्या स्टँडवर आणून सोडलंय, तुझ्या अंगावर मामीनं नेसवलेलं हिरवं लुगडं, कानाला फडकं बांधलेलं, आणि मांडीवर ती, माझी तान्ही बहीण. सव्वा महिना झालाय, तिला पहिल्यांदा आपल्या घरी न्यायचं आहे. जीपमध्ये माणसं कोंबून भरलीत, तरी ड्रायव्हर ओरडतो, "बाळंतीणबाईला पुढं येऊ द्या! ओ पाव्हणं, तुम्ही उतरा, मागं लटका जरा." पुढची सीट मानाची. तो पाव्हणा कुरकुर न करता उतरतो, कारण बाळंतिणीला पुढं बसवायचं हे सगळ्यांना मान्य. त्या दिवशी त्या जीपमध्ये कुणी वाईट नव्हतं, आई. सगळ्यांनी तुला मानच दिला. तू काचेच्या मागं बसलीस, ड्रायव्हर आणि तुझ्यामध्ये मी. आणि मी बसलोच नाही. मला हॉर्न वाजवायचा होता, आणि काचेतून पुढचं दिसायला हवं होतं. मी पुढची दांडी धरून उभा. मग बाजूच्या वावरातून कापसाची बैलगाडी एकदम रस्त्यावर आली.

आवाज मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या पोटावर तुझा हात होता. डावा, बांगड्या रुतलेला. चार दिवस माझ्या पोटावर त्या बांगड्यांच्या खुणा होत्या. मला दुसरं काही लागलं नाही.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं तेव्हा आत्या चुलीपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हातातून निसटलं बाई लेकरू. कसं निसटतं? माझी पाच झाली, एक निसटलं न्हाई. हिचे हातच ढिले." तेवढ्यावरून तुझं नाव पडलं. ढिल्या हाताची. तू विहिरीवरून घागर आणायचीस ती अशी आवळून, की बोटं पांढरी पडायची. तरी कधी एखादं भांडं पडलं की आतून आवाज यायचा, "पाडलं का?" शेजारच्या बारशात बायका पाळण्याखालून-वरून लेकरू एकीकडून दुसरीकडं देत होत्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या, आणि तुझ्यापाशी आल्यावर ते तुझ्या अंगावरून पलीकडच्या बाईकडं गेलं. तू हात पुढं केले होतेस. मग त्याच हातांनी तू पदर सारखा केलास. मी तुझ्या गुडघ्याला टेकून बसलो होतो, मला दिसलं. आणि हो, याच गावच्या रेणुकेच्या जत्रेत, तो समोर कळस दिसतोय बघ, तू तुझ्या पदराचं टोक माझ्या मनगटाला दोन गाठी मारून बांधलं होतंस. मी म्हटलं, सोड की, पोरं हसून राह्यली. तू म्हणालीस, "राहू दे रे बाप्पा. माझे हात ढिले आहेत ना." आणि तूच हसलीस.

एवढी वर्षं त्या घरात राहिलीस, पण एकदाही म्हणाली नाहीस की माझा एक हात दुसऱ्या लेकराकडं होता. एवढं वाक्य. ते बोलली असतीस तर आत्या गप झाली असती. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं.

बायकोला मी एवढंच सांगितलंय की मला एक बहीण होती. तर पोरगी झाल्याचा फोन आला त्याच आठवड्यात मी सीट बघायला निघालो. जालन्यात खेळण्यांच्या दुकानात विचारलं तर त्यानं सायकलला अडकवायची जाळी दाखवली. मग औरंगाबादला एका दुकानात दोन सीटा मिळाल्या. एक मोठी, गुबगुबीत, वर अस्वलांची चित्रं, पोराचं तोंड पुढं. दुसरी ती टोपली, उलट्या तोंडाची. दुकानदार मोठीच पुढं सरकवत होता. "भाऊ, ही घ्या. वाढत्या अंगाची आहे. टोपली वर्षभरात छोटी पडंल." आणि आई, मी घेतच होतो. आपल्याकडं सगळंच वाढत्या अंगाचं. माझे शाळेचे शर्ट आठवतात का, बाह्या कोपराच्या खाली? पहिल्या वर्षी मी शर्टात हरवायचो, तिसऱ्या वर्षी शर्ट बसायचा तेव्हा तो फाटलेला असायचा. हात खिशाकडं गेला होता. मग आठवलं, गाडीत काशीफळ आहे. वाटेत बाजारातून घेतलेला लाल भोपळा, साधारण पोरीएवढाच. तो घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, भाजी घरी न्यायची का शीटवर बसवायची?" मी भोपळा मोठ्या सीटवर ठेवला, पट्टे ओढले, सीट थोडी तिरकी केली. भोपळा पट्ट्याखालून सरकत बाजूला जाऊन पडला. टोपलीत ठेवला, तर बसला. हलवली, उलटी-पालटी केली, बसलेलाच. दुकानदार गंमत बघत होता, मग बघायचा थांबला. म्हणाला, "पहिलंच का?" मी हो म्हटलं. त्यानं टोपली बांधून दिली.

पण मला त्या परदेशातल्या माणसाचं खरं करून बघायचं होतं. खोटं निघालं असतं तर काय, हे मला ठाऊक नव्हतं. गॅरेजवाल्या मित्राला घेऊन भोकरदनच्या अलीकडं मोकळ्या रस्त्यावर गेलो. त्याला म्हटलं, तू चालव, मी पुढं बसतो भोपळा मांडीवर घेऊन, आणि मला न सांगता ब्रेक मार. तो म्हणाला, "यड्या, सकाळी सकाळी घेतली का रे?" मी म्हटलं, मार तर खरं. पट्टा मुद्दामच लावला नाही, तेव्हाच्या जीपला कुठं होता. दोन्ही हातांनी भोपळा छातीशी आवळला. पाय रोवले. ब्रेक लागणार हे मला माहीत होतं, फक्त कधी ते नव्हतं. तो बोलत होता, त्याच्या मेव्हण्याच्या म्हशीचं काहीतरी, मीही ऐकायला लागलो, आणि त्यानं पाय दाबला.

भोपळा काचेखाली आपटून फुटला. बिया माझ्या शर्टावर. तो ओरडला, "लागलं का? लागलं का रे?" मला लागलं नव्हतं. कारण माझे दोन्ही हात पुढच्या डॅशबोर्डवर होते. मी ठेवले नव्हते, आई. त्यांनी मला विचारलंच नाही. भोपळा सोडून ते मला वाचवायला गेले. माझे हात माझ्याकडं धावले. आणि तुझा हात, तुला न विचारता, तोही माझ्याकडंच धावला. मी त्या रस्त्याच्या कडेला बसलो आणि मित्र फडक्यानं गाडी पुसत राहिला. मग म्हणाला, "ह्याची भाजी झाली असती बराबर दोन दिवसांची."

आणि आता इथं, मघाशी. मी टोपली बांधली, पट्टा दोनदा ओढून बघितला, आणि माझ्या सासूबाई दारात आल्या. त्यांना मी मामी म्हणतो. त्या बघत राहिल्या. "जावईबापू, हे काय उलटं ठुलंय?"

"असंच असतं मामी. लेकराचं तोंड मागं."

"अगं बाई! पहिल्यांदा घरी चालली ती, लक्ष्मी आहे, आन् पाठमोरी नेता? उलट्या तोंडानं उंबरा वलांडायचा का पोरीनं? मांडीवर घेऊन पुढं बसू द्या तिच्या मायला. मानानं."

पुढं. मानानं. मी पट्टा तिसऱ्यांदा ओढला. भांडणाला उठावं असं वाटलं, खरं सांगून टाकावं असंही वाटलं. बायको आतल्या दाराशी उभी होती आणि तिला कळत होतं की मला काहीतरी होतंय. शेवटी तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "मामी, पाठमोरी न्हाई ती. माहेराकडं तोंड करून चालली. तुमचं घर दिसंनासं होईस्तोवर बघत राहंल."

मामी टोपलीपाशी आल्या. मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मंग ठीक आहे. पण उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळायच्या टायमाला सरळ करा बरं का. तोंड घराकडं." मी म्हटलं, करतो. बायको हसली. म्हणाली, "एवढं गोड बोलता येतं व्हय तुम्हाला?" आणि ती पोरीशेजारी मागं बसायला कबूलही झाली.

म्हणजे सीट राहिली. पण बघ, या खेपेलाही मी खरं कारण सांगितलं नाही. सोयीचं सांगितलं आणि सुटलो. पहिल्यांदा सुटलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णांनी मला गोठ्याच्या मागं नेलं होतं आणि हळू आवाजात विचारलं होतं, "तुझ्या मायनं तुला खाली बस म्हटलं होतं का रे?" अण्णांना एवढंच हवं होतं. तू तसं म्हणाली होतीस एवढं कळलं असतं, तर ते आपल्या बहिणीपुढं, आत्यापुढं, उभे राहिले असते, मला वाटतं. मी म्हटलं, इंजिनाचा लई आवाज होता, मला काही ऐकू आलं न्हाई. तू दारात उभी होतीस. तुला मात्र ते ऐकू गेलं. तू आत निघून गेलीस आणि मला जेवायला वाढलंस, ताटात गूळ जास्तीचा.

आत पोरगी उठली वाटतं, रडायचा आवाज येतोय. मामी हाक मारतायत. हा कागद घडी करून टोपलीच्या गादीखाली ठेवतो, तुला पोचायचा तर तिथूनच पोचेल. तू दोनदा म्हणाली होतीस. "खाली बस रे बाप्पा, बस ना." दोन्ही वेळा मला ऐकू आलं होतं.