आईच्या हाताची भिंत

१४ मार्च, दुपार

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत, तुम्हा दोघांची खुशाली कळव. फोन सोडून ताईला पत्राचं खूळ कुठून लागलं, म्हणून कपाळाला आठ्या पाडू नकोस. फोनवर बोलायचं तर आई शेजारी असते, आणि ती दुसऱ्या खोलीत असली तरी तिचे कान शेजारीच असतात. शिवाय त्या रविवारपासून तू फोन उचलत नाहीस. पत्र तरी फोडशील. लहानपणी तर दुसऱ्यांचीही फोडायचीस.

मला लिहायचं आहे ते तुझ्या येण्याबद्दल. पण त्याआधी टीव्हीचं रामायण ऐकून घे, कारण त्याशिवाय पुढचं तुला कळायचं नाही.

फोनच्या एवढ्याशा काचेत आई डोळे बारीक करून बघते, "तिला मी मोठी दिसू दे," म्हणत तू तो टीव्ही पाठवलास. खोकं उघडलं आणि तुझ्या भावोजींच्या अंगात कारागीर संचारला. "मिस्त्री कशाला? चार भोकं तर पाडायची." आईच्या पलंगासमोरची भिंत मोकळी होती, तीच धरली. त्या भिंतीमागे न्हाणीघर आहे आणि नळाची ओल तिच्यात वर्षानुवर्षं मुरते आहे, हे ठाऊक असूनही आम्ही दोघं शहाणी तिच्यापुढे ड्रिल घेऊन उभी राहिलो. पहिल्याच भोकातून वाळू गळायला लागली ती थांबेचना. करंगळी जाईल एवढं भोक हवं होतं, तिथे अंगठा जायला लागला. प्लास्टिकचा प्लग आत घातला की बाहेर. मग काडेपेटीतल्या काड्या ठोकल्या, कागदाचे बोळे कोंबले. स्क्रू पिळावा तर तो प्लगसकट गरगर फिरायचा. शेवटी ब्रॅकेट बसलं असं वाटलं म्हणून भावोजींनी ते ओढून बघितलं, तर ते ताटाएवढा गिलावा घेऊन त्यांच्या पायावर आलं. ते पाय धरून खाली बसले, मी हसले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्यात अबोला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. जखम बघावी तसं त्याने ते खिंडार बघितलं आणि म्हणाला, "ताई, या भिंतीला ड्रिलचे दणके सोसत नाहीत. दणका बंद करून नुसतं फिरवत, हळूहळू पाडायचं भोक. आणि सगळं वजन एका जागी द्यायचं नाही. आडवी जाड फळी लावू, ती चांगल्या विटांमध्ये लांब स्क्रूंनी आवळू, अन् टीव्ही फळीवर."

"पण चांगली वीट ओळखायची कशी?" मी विचारलं. वरून तर सगळा गिलावा सारखाच.

तो बोटाने टकटक करत सुटला. तेवढ्यात आई पलंगावरून उठून आली आणि भिंतीवर तळवा फिरवायला लागली. "इथे नको, इथे पोकळ आहे. इथून पुढे सगळं भुसभुशीत. हं, इथे घट्ट आहे. इथे मार." मिस्त्रीने तिथे भोक पाडलं, तर विटेचा लालभडक भुगा आला आणि स्क्रू असा बसला की हलवून हलेना. पुढची जागाही तिनेच दाखवली, त्याच्या पुढचीही.

"आजी, तुम्हाला तर भिंत पाठ आहे!" मिस्त्री म्हणाला. आम्ही सगळे हसलो. मीही हसले गं, आणि भिंत पाठ कशाने होते हे विचारायचं मला सुचलं नाही.

आई पलंगावरून बघणार म्हणून टीव्ही जरा खालीच लावला. मग तो रविवार आला. तू पडदाभर दिसायला लागलीस आणि आईने सुरू केलं, "मागे सर गं. अजून मागे. अगं, लांब बस ना जरा." तू सरकत सरकत तुमच्या खिडकीला टेकलीस. तुझं तोंड एवढंसं झालं. "एवढ्या हौसेने टीव्ही पाठवला, तरी मी तुला लांबच बरी ना?" म्हणालीस. उन्हाळ्यात येणार होतीस ते राहू दे, पुढच्या वर्षी बघू, असं बोललीस आणि बंद केलंस. आईला जवळची मी आणि लांबची तू, हे तुझ्या मनात आधीपासून आहे, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरत होते आणि धाडकन आवाज आला. मला वाटलं, टीव्ही पडला. धावत गेले तर टीव्ही जागच्या जागी. फळी तसूभर हलली नव्हती. खाली आई पडली होती, खांदा धरून. टीव्हीचा कोपरा लागला होता.

मी चिडले. काळजीने माणूस चिडतं तशी. "एवढा मोठा टीव्ही समोर आहे, दिसत नाही का तुला?"

"नाही दिसत," आई म्हणाली. साखर संपली आहे, असं सांगावं तशा आवाजात.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. तिची नजर कडेकडेने मिटत आली आहे, मधे थोडीशी उरली आहे. गेलेली परत येत नाही. थेंबांनी उरलेली टिकवायची, पण पुढच्या वर्षीपर्यंत टिकेल का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मी दोनदा विचारलं.

जवळची मोठी गोष्ट तिला तुकड्यातुकड्याने दिसते. त्या रविवारी तिला तुझा एक डोळा दिसत होता, नाहीतर नुसती हनुवटी. फोनच्या काचेत तू अख्खी मावायचीस. म्हणून ती तुला लांब बस म्हणत होती, बाई. तुझं तोंड शोधत होती ती.

आणि ती भिंत. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत ती त्या भिंतीला हात लावून जायची. हाताच्या उंचीवर तिथला रंग मळकट, गुळगुळीत झाला आहे. मी तो घासून पुसायचे आणि वर तिलाच बोलायचे. नेमक्या त्याच वाटेत आम्ही टीव्ही ठोकला. मी तिला म्हटलं, "तेव्हा बोलली का नाहीस? उलट जागा दाखवत होतीस!"

"पोरीने हौसेने पाठवलाय. पडला असता म्हणजे?"

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तुला यातलं अक्षर सांगायचं नाही म्हणून तिने मला गळ्याची शपथ घातली आहे. "ती घाबरून धावत येईल. मला ती घाबरून आलेली नको, हौसेने आलेली हवी." शपथेचं काय व्हायचं ते माझं होऊ दे. हे तुला मागाहून कळलं असतं, तर तू मला कधी माफ केलं नसतंस, आणि मीही स्वतःला केलं नसतं.

काल मिस्त्री परत आला होता. त्याने टीव्ही उतरवला आणि त्या फळीवरच आईला धरायला लाकडी दांडा बसवून दिला, थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत. भावोजींनी दुखऱ्या पायाने दांड्याचं दुसरं टोक धरलं होतं आणि चक्क एकही सूचना केली नाही. टीव्ही आता खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला टेबलावर आहे. आई लांब पलंगावर बसून त्याच्याकडे बघते. तो बंद असतो. कालपासून तिने मला तीनदा विचारलं, तुझा फोन आला का.

या उन्हाळ्यातच ये. काय रडायचं ते तिकडे रडून घे आणि इथे हौसेने आल्यासारखी ये. तेवढं नाटक तुला जमेल.

आणि एक ऐक. दारातून शिरलीस की सवयीप्रमाणे भिरभिरत जाऊन तिच्या गळ्यात पडू नकोस. उंबऱ्यातच थांब, तोंडावर उजेड येईल अशी. तिला आधी तू अख्खी दिसू दे. ती म्हणेल, मग जवळ जा.

तुझी,
शपथ मोडलेली ताई