मेलेल्या आईचं हसू

१४ जानेवारी १९९३

बिभादीला आज पुन्हा मारलं. सतरावी वेळ! टॉलीगंजच्या बंगाली सिनेमात नायकाची आई हवी असली की बिभादी, आणि बिभादी असली की मध्यंतराआधी मरण. गाणं लिहिलेलं अर्थात मीच. चार कडवी — तिसऱ्यात खोकला, चौथ्यात प्राण.

मरणाचा शॉट झाला की मेलेल्याने डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघत हसायचं. म्हणजे अपशकुन टळतो. तेवढी पाच-सहा फूट फिल्म फिरू द्यायची, मग ती संकलनात कापायची. इथली रीतच ती. आज निर्माते साहाबाबू ओरडले, "कट! हसायला फिल्म नाही, घरी जाऊन हसा!" हावड्याला मासळीची आडत यांची; पण माशाच्या डोक्याइतकीही सूट देतील तर शपथ.

बिभादी खाटेवरून उठेचना. डोळे मिटूनच म्हणाली, "मग मी मेलेलीच राहू का, साहाबाबू?"

१५ जानेवारी

अजून खाटेवरच! रात्री मेकअपच्या खोलीत झोपली, सकाळी पुन्हा येऊन आडवी. "अशी मेलेली घरी कशी जाऊ, परिमल? घरात नात आहे माझी." मिठू, आठ वर्षांची. आजीचा एकही सिनेमा बघत नाही. "म्हणते, तू दर वेळी मरतेस."

असल्या खुळांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण गाण्याची दोन कडवी चित्रित व्हायची होती. साहाबाबूंना म्हटलं, "डबिंगला खोकणार कोण? तुम्ही?"

फिल्म मिळाली. बिभादी हसली. पुढचे दोन दात पडलेत, तरी झकास हसली.

२ मार्च

संकलक निमाईच्या खोलीत माझ्या गाण्याचं संकलन. उकाडा. कुरमुरे, हिरवी मिरची. विशेष काही नाही.

१५ एप्रिल

पयला बैशाख, बंगाली नवं वर्ष. आमचा 'धाकटी सून, थोरलं कुंकू' बोलपूरला लागला. चौथं कडवं, आईने प्राण सोडला, बायका हुंदके देतायत — आणि पडद्यावर मेलेली आई डोळे उघडून हसली!

एका बाईने जीभ हलवत, लग्नात करतात तशी उलुध्वनी केली, पाठोपाठ साऱ्यांनी. पडद्यावर नाणी उडाली. मध्यंतरानंतर नायक त्याच आईच्या फोटोला हार घालतो. कुणी काही विचारलं नाही!

साहाबाबू पहिल्या खेळाला, "निमाईला हाकलतो!" दुसऱ्या खेळाला, "पुढच्या सिनेमातही आई हसलीच पाहिजे."

निमाई खाली मान घालून, "चूक झाली, दादा."

१९ एप्रिल

बिभादी नारळाचे लाडू घेऊन आली. मिठूने अख्खा सिनेमा पाहिला म्हणे, दोनदा. "निमाईच्या चुकीचं भलं होवो!" मी लाडू खाल्ला.

दोन मार्चच्या पानावर एक लिहायचं टाळलं होतं. निमाईने कात्री उचलून विचारलं होतं, "हे काढू ना?"

मी म्हटलं होतं, राहू दे.